"रंग जरा गडद करा" म्हणजे नेमकं काय करा? फोटो एडिटिंगमधले रोजचे शब्द

प्रश्न थोडक्यात असा आहे: एडिटिंग शिकायला लागून दोन महिने झालेत, व्हिडिओ बघून स्लायडर हलवता येतात, पण ह्यू, सॅच्युरेशन, ल्युमिनन्स, व्हायब्रन्स, बिट डेप्थ, गॅमट, एसआरजीबी, डीपीआय या शब्दांचा अर्थच लागत नाही. कॉम्प्युटरवर मस्त दिसणारा फोटो मोबाईलवर पाठवला की मरगळलेला दिसतो. आणि प्रिंटवाला म्हणतो ३०० डीपीआयची फाइल द्या, म्हणजे काय द्यायचं? हे सगळे शब्द पाठ करायचे का?

पाठ करायच्या भानगडीत पडू नका, आठ दिवसांत विसराल. मी रिटचिंगचं काम करतेय त्याला आता वीसेक वर्षं होतील, आणि यातले बरेच शब्द मला बोलणी खाऊन कळले. अगदी सुरुवातीला एका गिऱ्हाइकाने फोटो बघून सांगितलं "रंग जरा गडद करा". मी सॅच्युरेशन वाढवून दिलं, तर म्हणे भडक झालं. मग फोटो डार्क करून दिला, तर म्हणे काळपट झालं. तिसऱ्या फेरीला मी नुसता ब्लॅक पॉइंट आत ओढला, म्हणजे धुरकट दिसणाऱ्या सावल्या खऱ्याखुऱ्या काळ्या केल्या आणि बाकी कशालाच हात लावला नाही, तर लगेच "हां, हेच तर सांगत होतो मी!"

चूक त्यांची नव्हती. आपण बोलताना 'गडद' म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात: रंग जास्त शुद्ध असणं, रंग जास्त काळोखा असणं, आणि आजूबाजूच्या तुलनेत तो उठून दिसणं. 'फिका' घ्या, तिथेही तोच घोळ, पांढरट झालेला रंगही फिका आणि राखाडी झालेला रंगही फिका. बोलायला हे चालतं, समोरचा संदर्भाने समजून घेतो. सॉफ्टवेअर संदर्भ समजून घेत नाही, म्हणून तिथे प्रत्येक गोष्टीला वेगळं नाव आणि वेगळा स्लायडर.

तर ह्यू म्हणजे रंग कुठला एवढंच. एक गोल चक्र डोळ्यासमोर आणा, ० अंशावर लाल, ६० वर पिवळा, १२० वर हिरवा, १८० वर सायन (हिरवट आकाशी), २४० वर निळा, ३०० वर मॅजेंटा (जांभळट गुलाबी) आणि ३६० ला परत लाल. सॅच्युरेशन म्हणजे त्या रंगात राखाडीची भेसळ किती कमी आहे, शून्यावर नेलं की सगळंच राखाडी. आणि ल्युमिनन्स किंवा लाइटनेस म्हणजे तो किती उजळ. या तिघांत फोडून बघायची सवय लागली की गंमत कळते, मरून आणि लाल यांचा ह्यू एकच आहे, मरून फक्त काळोखा आहे. तपकिरी नावाचा ह्यू त्या चक्रात कुठेच सापडणार नाही, तपकिरी म्हणजे कमी उजेडातला नारिंगी. आणि माणसांची त्वचा, गोरी असो सावळी असो काळी असो, ह्यू बघाल तर सगळी नारिंगीच्याच पट्ट्यात येते, फरक असतो तो मुख्यतः उजळपणाचा आणि थोडा सॅच्युरेशनचा. त्यामुळे चेहरा 'पिवळा दिसतोय' ही ह्यूची तक्रार, 'लालभडक दिसतोय' ही बहुतेक वेळा सॅच्युरेशनची आणि 'काळवंडलाय' ही ल्युमिनन्सची. तक्रार ऐकली की आधी तिची वर्गवारी करायची, मग माउसला हात लावायचा.

व्हायब्रन्स हा सॅच्युरेशनचाच समजूतदार भाऊ. सॅच्युरेशन सगळ्यांना सरसकट ढकलतं, व्हायब्रन्स आधीच भरलेल्या रंगांना कमी आणि फिक्यांना जास्त ढकलतं, त्वचेच्या रंगांना तर जपूनच हात लावतं. माणसं असलेल्या फोटोत मी सॅच्युरेशन जवळजवळ वापरतच नाही.

आता मुख्य गोष्ट, जी मला कोणी पहिल्याच दिवशी सांगितली असती तर पाचेक वर्षं वाचली असती. फोटोच्या फाइलीत रंग नसतात. आकडे असतात. प्रत्येक पिक्सेलला तीन आकडे, लाल किती हिरवा किती निळा किती, आणि त्यांच्या सोबत एक चिठ्ठी, की हे आकडे कसे वाचायचे. बाकी जे काही आपल्याला दिसतं ते स्क्रीनने किंवा प्रिंटरने त्या आकड्यांवरून उभं केलेलं असतं. म्हणून नवा शब्द समोर आला की मी एकच प्रश्न विचारते: हा आकडे बदलतो, की आकड्यांचा अर्थ बदलतो? तुमच्या प्रश्नातला मोबाईलचा भाग आणि डीपीआयचा भाग, दोन्ही याच प्रश्नाने सुटतात, पण त्याआधी आकडे म्हणजे काय ते थोडं बघू.

नेहमीची जेपेग फाइल ८ बिटची असते. ८ बिट म्हणजे एका चॅनेलला, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांतल्या एकाला, ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या. तीन चॅनेल म्हणजे २५६ गुणिले २५६ गुणिले २५६, झाले १ कोटी ६७ लाखांच्या वर रंग. ऐकायला प्रचंड वाटतं आणि फोटो नुसता बघायचा असेल तर पुरतंही. पण एडिट करायला बसलात की कमी पडायला लागतं. समजा आकाशाचा एक निळा पट्टा आहे आणि त्याचे सगळे आकडे १८० ते २१० या तीस पायऱ्यांत बसलेत. तुम्हाला आकाश जरा नाट्यमय हवंय म्हणून तुम्ही कर्व्हने, म्हणजे उजळपणाची रेघ वाकवायच्या टूलने, ते ताणून १५० ते २४० केलंत. जागा नव्वद पायऱ्यांची झाली पण माल तीस पायऱ्यांचाच आहे, मग मधल्या पायऱ्या रिकाम्या राहतात आणि आकाशात पट्टे दिसायला लागतात. त्याला बँडिंग म्हणतात. हिस्टोग्राम उघडून बघा, कंगव्याच्या दातांसारखा दिसेल. कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे सेन्सरकडून आलेला कच्चा माल, साधारण १२ किंवा १४ बिटची असते म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या, तिथे असं ताणलं तरी भरायला माल असतो. बरेच जण ८ बिटची जेपेग १६ बिटमध्ये बदलतात आणि क्वालिटी वाढली म्हणून खूष होतात. नव्या पायऱ्या येत नाहीत हो त्याने, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पुढच्या एडिटमधली गोळाबेरीज थोडी अचूक होते, तेवढाच फायदा.

हिस्टोग्रामचा विषय निघालाच आहे तर, तो म्हणजे कुठल्या उजळपणाचे किती पिक्सेल आहेत याचा ढिगारा, डावीकडे काळे उजवीकडे पांढरे. 'आदर्श हिस्टोग्राम डोंगरासारखा मधोमध हवा' असं कुठे वाचलं असेल तर विसरून जा, धुक्यातल्या फोटोचा उजवीकडेच असणार आणि रात्रीच्या फोटोचा डावीकडेच. बघायचं ते एवढंच की ढिगारा भिंतीला आपटून उभा तर राहिला नाही ना. उजव्या भिंतीला आपटला म्हणजे २५५ च्या वर जायला जागा नव्हती म्हणून सगळे २५५ वरच थांबले, याला क्लिपिंग म्हणतात, तिथला तपशील गेला. मात्र एकत्र हिस्टोग्राम नेहमी खरं सांगत नाही, तिन्ही चॅनेल वेगवेगळे बघायला शिका. लालभडक फुलाचा फोटो हे ठरलेलं उदाहरण, एकत्र हिस्टोग्राम शांत दिसतो पण लाल चॅनेल एकटा २५५ ला जाऊन चिकटलेला असतो आणि पाकळ्या म्हणजे नुसता लाल डाग, शिरा नाहीत घड्या नाहीत. अशा वेळी लोक शार्पनिंग वाढवत बसतात. आणखी एक, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम तुम्ही रॉ काढत असलात तरी आतल्या जेपेग प्रीव्ह्यूवरून बनवलेला असतो, त्यामुळे तिथे 'उडालं' दिसलं तरी रॉमध्ये थोडं शिल्लक सापडू शकतं. थोडंच हं, त्या भरवशावर राहू नका.

एक्स्पोजर, ब्राइटनेस, गॅमा, कॉन्ट्रास्ट हे शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात, आणि फोटो उजळ होतोय ना मग काय फरक पडतो असं वाटतं. पडतो. डोळ्याला प्रकाश सरळ हिशोबाने दिसत नाही, अंधारातला थोडासा फरकही लगेच कळतो, झगझगीत उजेडातला कळत नाही. म्हणून फाइलमधले आकडेही सरळ हिशोबाने मांडलेले नसतात, काळ्या बाजूला जास्त पायऱ्या दिलेल्या असतात, या वाकवण्याला गॅमा म्हणतात. परिणाम असा की एसआरजीबी फाइलमधला १२८ हा आकडा म्हणजे 'अर्धा प्रकाश' असं वाटतं पण प्रत्यक्षात तो पूर्ण प्रकाशाच्या साधारण २२ टक्केच असतो, खरा अर्धा प्रकाश १८८ च्या आसपास येतो. फोटोग्राफर ज्याला १८ टक्के राखाडी म्हणतात ते कार्ड या फाइलमध्ये ११८ च्या जवळपास यायला हवं. रॉचा एक्स्पोजर स्लायडर एक स्टॉप वर नेला की खरा प्रकाश दुप्पट केल्यासारखं होतं, त्यात पांढरं लवकर उडतं. लेव्हल्स नावाच्या टूलमधला मधला गॅमाचा स्लायडर दोन्ही टोकं जागेवर ठेवून फक्त मधला भाग वर-खाली करतो. चेहरा सावलीत आहे पण मागचं आकाश बरोबर आहे अशा फोटोत एक्स्पोजर ओढलात तर आकाश जातं, मधला स्लायडर ओढलात तर बहुतेक वाचतं.

आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की रंगही भडक होतात, हे लक्षात आलंय का? एस आकाराचा कर्व्ह आरजीबीवर लावला की तो तिन्ही चॅनेलवर वेगवेगळा चालतो, मोठा आकडा आणखी मोठा आणि लहान आणखी लहान, म्हणजे तिघांमधलं अंतर वाढलं, आणि अंतर म्हणजेच सॅच्युरेशन. नको असेल तर त्या कर्व्हच्या लेयरचा ब्लेंड मोड, म्हणजे तो थर खालच्या फोटोत कसा मिसळायचा ती निवड, ल्युमिनॉसिटी करा. इतकं सोपं आहे आणि मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

उजळपणाबद्दल अजून एक सांगते कारण इथे फोटोशॉप स्वतःच फसवतं. शुद्ध पिवळा (२५५, २५५, ०) आणि शुद्ध निळा (०, ०, २५५) घ्या. एचएसएलच्या, म्हणजे ह्यू-सॅच्युरेशन-लाइटनेसच्या हिशोबाने दोघांचा लाइटनेस सारखाच, ५० टक्के. डोळ्यांना विचारा, पिवळा जवळजवळ पांढऱ्याइतका उजळ आणि निळा जवळजवळ काळा. डोळ्यांच्या हिशोबात हिरव्याचा वाटा सगळ्यात मोठा असतो, एसआरजीबीच्या गणितात तो साधारण ७२ टक्के, लाल २१ आणि निळा जेमतेम ७. म्हणून रंगीत फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायचा असेल तर सॅच्युरेशन शून्य करू नका, त्या पद्धतीत शुद्ध लाल हिरवा निळा तिन्ही एकाच राखाडीवर येऊन बसतात आणि फोटो पिठूळ दिसतो. ब्लॅक अँड व्हाइटची वेगळी अ‍ॅडजस्टमेंट असते ती वापरा, तिच्यात कुठला रंग किती उजळ राखाडी व्हावा हे तुमच्या हातात असतं. याच कारणासाठी लॅब नावाचा प्रकार आहे, त्यात एल म्हणजे डोळ्यांना दिसणारा उजळपणा वेगळा काढलेला असतो, ए म्हणजे हिरवा ते मॅजेंटा, बी म्हणजे निळा ते पिवळा. १९७६ साली ठरवलेली पद्धत आहे, रोज वापरायची गरज नाही पण रंगांचं मोजमाप करणारी मंडळी याच भाषेत बोलतात.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचा परिणाम काढून पांढरं पांढरंच दिसेल असं करणं. इथे केल्विनचा, म्हणजे उजेडाचा रंग मोजायच्या एककाचा, गोंधळ होतोच होतो, माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाचा झालाय. मेणबत्तीचा उजेड साधारण १,९०० केल्विन, जुना पिवळा बल्ब २,७०० ते ३,०००, दुपारचं ऊन ५,५०० च्या आसपास, सावली ७,००० किंवा वर. म्हणजे आकडा जितका मोठा तितका उजेड निळा. मग सॉफ्टवेअरमध्ये केल्विन वाढवला की फोटो पिवळा का होतो? कारण तो स्लायडर फोटोला रंग देत नाहीये, तुम्ही त्याला सांगताय की 'फोटो काढला तेव्हा उजेड इतका निळा होता', आणि ते बिचारं तेवढा निळेपणा मारायला पिवळा घालतं. शेजारचा टिंटचा स्लायडर हिरवा-मॅजेंटा दिशेचा, ट्यूबलाइटच्या हिरवटपणाला तोच लागतो. रॉमध्ये हे नंतर बदललं तरी नुकसान नाही कारण तिथे व्हाइट बॅलन्स म्हणजे नुसती सोबतची चिठ्ठी असते. जेपेगमध्ये मात्र तो आकड्यांतच मुरलेला असतो, थोडाफार सुधारतो, पूर्ण निघत नाही.

रंगाची छटा चढलीय की नाही हे डोळ्यांना विचारू नका, डोळे लबाड आहेत, दोन मिनिटं पिवळ्या फोटोकडे बघितलं की तोच पांढरा वाटायला लागतो. २०१५ साली एका ड्रेसच्या फोटोवरून अख्खं इंटरनेट भांडलं होतं आठवतंय ना, कोणाला निळा-काळा दिसत होता आणि कोणाला पांढरा-सोनेरी, पिक्सेल सगळ्यांसमोर तेच. म्हणून इन्फो पॅनेल उघडायचं, फोटोत जी वस्तू खरोखर राखाडी किंवा पांढरी असायला हवी तिच्यावर कर्सर न्यायचा आणि तीन आकडे बघायचे. तिन्ही जवळपास सारखे म्हणजे छटा नाही. १९०, १८८, १७० असं दिसलं तर निळा कमी आहे, म्हणजेच पिवळा चढलाय. लालाच्या समोर सायन, हिरव्यासमोर मॅजेंटा, निळ्यासमोर पिवळा, ही तीन जोडपी तेवढी पाठ करा, बाकी काही नको.

आता तुमचा मोबाईलचा प्रश्न. तीन आकड्यांसोबत एक चिठ्ठी असते म्हटलं ना, ती चिठ्ठी म्हणजे आयसीसी प्रोफाइल, आणि ती सांगते हे आकडे कुठल्या कलर स्पेसमधले आहेत. एसआरजीबी हा १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेला, वेबवर सगळीकडे गृहीत धरला जाणारा. अ‍ॅडोबी आरजीबी १९९८ चा, जरा मोठा, विशेषतः हिरव्या-सायन बाजूला. प्रोफोटो त्याहून कितीतरी मोठा. किती मोठा म्हणजे किती रंगांपर्यंत हात पोचतो, यालाच गॅमट म्हणतात. लक्षात घ्या, २५५ म्हणजे 'त्या स्पेसमधला सगळ्यात लाल', जगातला सगळ्यात लाल नव्हे. एसआरजीबीमध्ये (२५५, ०, ०) लिहिलेला जो लाल आहे, अगदी तोच लाल अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये (२१९, ०, ०) लिहावा लागतो. आता समजा तुमची फाइल अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये आहे आणि पाठवताना कुठल्यातरी अ‍ॅपने जागा वाचवायला चिठ्ठी फाडून टाकली किंवा समोरच्याने ती वाचलीच नाही. मोबाईल काय करणार, २१९ आकडा दिसला तो एसआरजीबीचा समजून दाखवणार, आणि तुमचा ऐटबाज लाल तिथे मरगळलेला. फोटोला काहीही झालेलं नाही, आकडे जसेच्या तसे आहेत, अर्थ बदलला.

सॉफ्टवेअरमध्ये यासाठी दोन कमांड असतात आणि दोन्ही एकाच मेन्यूत शेजारी शेजारी ठेवून कोणीतरी आपला सूड उगवलाय. असाइन प्रोफाइल: आकडे तेच, चिठ्ठी बदलते, म्हणून दिसणं बदलतं. कन्व्हर्ट टू प्रोफाइल: दिसणं शक्यतो तेच राहावं म्हणून आकडे बदलतात. तुम्हाला जवळजवळ नेहमी दुसरी हवी असते. मी एकदा शंभरेक फोटोंच्या बॅचला कन्व्हर्टऐवजी असाइन लावलं होतं आणि रात्रभर 'सगळे फोटो असे का झाले' म्हणून मॉनिटरला दोष देत बसले होते. पाठवायच्या फाइलसाठी एक्सपोर्ट करताना एसआरजीबीत कन्व्हर्ट करा आणि प्रोफाइल एम्बेड करा अशी खूण करा. हे केल्यावरही मोबाईलवर फरक दिसला तर मोबाईलच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये व्हिव्हिड किंवा तत्सम मोड चालू आहे का बघा. आणि तुमचा स्वतःचा मॉनिटर फार उजळ ठेवलाय का तेही बघा, कारण मॉनिटर उजळ असला की आपण नकळत फोटो डार्क करून ठेवतो, मग तो दुसरीकडे सगळीकडे अंधारलेला दिसतो. 'प्रिंट काळपट आली' या तक्रारीत निम्म्या वेळा मला मॉनिटरच सापडलाय.

डीपीआयचं तर काय बोलावं. फोटोमध्ये डीपीआय नसतं, पिक्सेल असतात. ६,००० बाय ४,००० पिक्सेल म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल, म्हणजे तुमचा २४ मेगापिक्सेलचा फोटो, आणि फाइलमधला ३०० किंवा ७२ हा आकडा म्हणजे पुन्हा एक चिठ्ठी, 'छापायचं झालं तर एका इंचात इतके पिक्सेल बसवा'. शुद्ध बोलायचं तर त्याला पीपीआय म्हणायला हवं, डीपीआय म्हणजे प्रिंटर कागदावर शाईचे किती ठिपके टाकतो ते, पण सगळे डीपीआयच म्हणतात आणि मीही म्हणते. तोच ६,००० पिक्सेलचा फोटो ३०० ने छापलात तर २० इंच रुंद, १५० ने छापलात तर ४० इंच रुंद, फाइल तीच. इमेज साइझच्या खिडकीत रिसॅम्पल अशी एक खूण असते. ती काढून ७२ चे ३०० केलेत तर फक्त चिठ्ठी बदलते. ती तशीच ठेवून केलेत तर सॉफ्टवेअर नवे पिक्सेल अंदाजाने बनवतं, फाइल अवाढव्य होते आणि तपशील होता तेवढाच राहतो. नवशिक्यांचं इथेच चुकतं, ६०० पिक्सेलची वेबवरची इमेज घेतात, ३०० टाकतात आणि प्रिंटवाल्याला देतात. ६०० भागिले ३००, दोन इंच, तेवढाच त्या फोटोचा जीव. दुरून बघायच्या मोठ्या बॅनरला ३०० ची गरजही नसते, १०० किंवा त्याहून कमीवर चालतं, कारण तिथे नाक लावून कोणी बघत नाही.

छपाईचा विषय आला की सीएमवायके येतंच. स्क्रीन अंधारात प्रकाश मिसळते म्हणून तिथे लाल-हिरवा-निळा एकत्र आले की पांढरं होतं, कागद आधीच पांढरा असतो आणि शाई त्यातला प्रकाश खाते म्हणून तिथे सायन-मॅजेंटा-पिवळा. तिन्ही मिसळून काळं व्हायला हवं पण खऱ्या शाया मिसळल्या की मळकट तपकिरी होतं, म्हणून चौथी काळी शाई, तिला के म्हणजे की म्हणतात. शाईचा गॅमट लहान असतो, स्क्रीनवरचा झगझगीत निळा आणि पोपटी हिरवा छापून तसा येणारच नाही, कितीही भांडलात तरी. सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापून कसं दिसेल त्याची स्क्रीनवरची झलक, चालू करून आधीच बघून घ्या म्हणजे नंतर धक्का बसत नाही. आणि प्रिंटवाल्याने स्वतः प्रोफाइल दिलं नसेल तर उगाच आपल्या मनाने सीएमवायके करून देऊ नका, एसआरजीबी चालेल का विचारा, बरेच जण तेच मागतात.

फाइलचे प्रकार पटकन सांगते. जेपेग जागा वाचवण्यासाठी माहिती टाकून देते, फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून, आणि बऱ्याचदा रंगाचा तपशील उजळपणाच्या तपशिलापेक्षा जास्त कापते कारण डोळ्यांना ते कमी कळतं. लाल अक्षरं जेपेगमध्ये कडेला फुटलेली दिसतात ती त्याचमुळे, अक्षरं, लोगो, स्क्रीनशॉट असेल तर पीएनजी वापरा, त्यात काही टाकून देत नाहीत आणि पारदर्शक भागही ठेवता येतो. जेपेग नुसती उघडून बंद केल्याने खराब होत नाही, परत सेव्ह केल्याने होते. एडिट चालू असताना टिफ किंवा पीएसडी, शेवटी एकदाच जेपेग.

लेयर, मास्क, ओपॅसिटी हे शब्द वापरता वापरता येतात, मास्कमध्ये पांढरं दाखवतं काळं लपवतं, बास. ब्लेंड मोडची नावं घाबरवतात पण आत साधं अंकगणित आहे, मल्टिप्लाय म्हणजे दोन आकडे गुणून २५५ ने भागायचे, १२८ आणि १२८ चं होतं ६४, म्हणून मल्टिप्लायने फोटो काळोखाच होणार, उजळ कधीच नाही. स्क्रीन मोड बरोबर उलटा. शार्पनिंगही तसंच, ते तपशील आणत नाही, कडेच्या दोन्ही बाजूंचा फरक वाढवतं, रेडियस जास्त ठेवलात तर कडेला पांढऱ्या रेघा येतात. १०० टक्के झूमवर बघूनच करा.

तर सुरुवात कुठून करायची म्हणाल तर आज तुमचाच एक फोटो उघडा, ज्यात पांढरं काहीतरी आहे. इन्फो पॅनेल चालू करा आणि स्लायडर एकेक करून हलवताना फोटोकडे न बघता त्या तीन आकड्यांकडे बघा, सॅच्युरेशनला कसे एकमेकांपासून लांब जातात, एक्स्पोजरला कसे एकदम वर जातात, टेम्परेचरला कसा लाल वर आणि निळा खाली. अर्धा तास पुरतो. आणि प्रिंटवाल्याला फोन करून विचारा, छापील साइझ किती इंच बाय किती इंच हवी आहे. ते ३०० ने गुणा, जे येईल तेवढे पिक्सेल तुमच्या फाइलमध्ये आहेत का बघा, असतील तर द्या पाठवून.